दोन पुस्तकांमधील दोन वर्षे

यशवंतराव चव्हाण यांचे 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र १९८४ साली प्रसिद्ध झाले. देवराष्ट्रे येथील जन्मापासून निघालेली ही हकीकत कऱ्हाडची शाळा, तुरुंगवास, भूमिगत चळवळ अशी वळणे घेत १९४६ सालापर्यंत येते, आणि निवडणुकीत यशस्वी झालेला हा तरुण कार्यकर्ता मुंबईस सरकारी कामावर रुजू होतो, तेथे थांबते. व्यंकटेश माडगूळकर यांची 'वावटळ' ही छोटी कादंबरी त्यापूर्वी वीस वर्षे, १९६४ साली, बाहेर पडली होती. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्माजींचा खून झाला, त्यानंतरच्या थोड्या दिवसांत ती घडते. एक पुस्तक राजकारणी पुरुषाचे, दुसरे ललित लेखकाचे. परंतु मुलूख एकच, तो म्हणजे जुना सातारा जिल्हा व त्याच्या कुशीत शिरलेली औंध-सांगलीसारखी संस्थाने. एक पुस्तक जेथे मिटते आणि दुसरे जेथे उघडते त्यांच्यामध्ये सुमारे दोन वर्षांचे अंतर आहे.

ह्या दोन वर्षांविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. पहिल्या पुस्तकातला सातारा हा साऱ्या हिंदुस्थानाने कौतुक करावे असा आहे. दुसऱ्या पुस्तकातल्या साताऱ्याचे नाव काढताच आजही कित्येक घरांत बोलणे थांबते. हा पालट दोन वर्षांत कसा झाला, ह्याचा शोध इतिहासकारांनी घ्यावा हे खरेच. तथापि गावाच्या मनात काय चालले होते हे सांगण्याचे काम कागदपत्रांचे नव्हे, ते वाङ्मयाचे आहे. आणि ज्या वाङ्मयाला हा मुलूख आतून ठाऊक होता, त्याने ही दोन वर्षे मोकळी सोडली, असे आम्हांस वाटते. ही तक्रार नुसत्या विषयाच्या निवडीविषयी नाही. जी जागा मोकळी राहिली, तिच्यामुळे लिहिल्या गेलेल्या पुस्तकांचेही मोल काही अंशी उणे झाले आहे.

प्रथम वाचकांस मागील गोष्टींचे थोडे स्मरण देणे अवश्य आहे. १९४२ च्या सप्टेंबरात सातारा जिल्ह्यात तालुका-कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगावास ३ तारखेला मोर्चा गेला. वडूज येथे ९ तारखेला व इस्लामपूर येथे १० तारखेला पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली, आणि १९४३ पासून नाना पाटील यांच्या नावाने जे 'प्रतिसरकार' ओळखले जाऊ लागले, ते वाळवा, तासगाव, कऱ्हाड, खानापूर ह्या भागांत १९४६ पर्यंत चालले. त्याची तुफान सेना होती, न्यायदान मंडळे होती. सावकाराच्या कागदांचा, जमिनीच्या तंट्यांचा, नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या पोटगीचा निकाल ही मंडळे गावात बसून देत. थोड्या खर्चात, मानपानाला फाटा देऊन, 'गांधी-विवाह' लावले जात. दरोडेखोर, फितूर व जुलमी सावकार यांस जबर शिक्षा होई. तळपायांवर मार देण्याच्या त्या शिक्षेवरूनच 'पत्री सरकार' हे नाव लोकांच्या तोंडी बसले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ आगगाडी लुटण्यात आली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याकडे चिमठाणे येथे सरकारी खजिना लुटण्यात आला.

ह्याच १९४३ सालची सांगली पाहण्यासारखी आहे. त्या वर्षी तेथे श्री. म. माटे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, आणि विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत पहिले मराठी नाटक केले त्याचा शतसांवत्सरिक उत्सवही तेथेच झाला. त्याच गावच्या तुरुंगातून २४ जुलै रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सोबती तट उतरून पळाले. पाठलागात गोळ्या सुटल्या, सोबत्यांतले दोघे जिवास मुकले. एका गावात एकाच वर्षी दोन जगे नांदत होती. एका जगात रंगभूमीच्या शंभर वर्षांचा हिशेब चालला होता. दुसऱ्या जगात, कोसा-दोन कोसांवरच्या मळ्यांतून, शेतकऱ्यांची मुले बंदुका लपवीत होती. ह्या दोन जगांची भेट आमच्या वाङ्मयात पुढेही फारशी झाली नाही.

१९४६ च्या वसंतात मुंबईस खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, वॉरंटे उठली, भूमिगत कार्यकर्ते उघड्यावर आले, मिरवणुका निघाल्या. येथे 'कृष्णाकाठ' संपते. पुढे सुमारे बावीस महिन्यांनी, १९४८ च्या फेब्रुवारीच्या आरंभी, ह्याच मुलखात ब्राह्मणांची घरे जळू लागली. महात्माजींचा मारेकरी पुण्याचा ब्राह्मण, एवढा एकच धागा. अमेरिकन अभ्यासक मॉरीन पॅटरसन यांनी सरकारी अहवालांच्या आधारे जो अंदाज दिला आहे, त्याप्रमाणे एकट्या सातारा जिल्ह्यात सुमारे ३०० गावांतून एक हजाराच्या आसपास घरे जळाली. कुंडलजवळच्या किर्लोस्करवाडीचा कारखानाही आगीतून सुटला नाही. ज्या आसमंतात तुफान सेना वाढली, त्याच आसमंतातली ही गोष्ट आहे. पाठोपाठ ८ मार्च १९४८ रोजी सांगली, औंध इत्यादी संस्थाने मुंबई इलाख्यात विलीन झाली. १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पडले, आणि त्यांतल्या दक्षिण भागाला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. नकाशा बदलला, नावे बदलली, आणि जे झाले ते जुन्या जिल्ह्याबरोबर बुजून गेले.

आता 'वावटळी'कडे वळू. पुण्यात असलेले काही तरुण खुनाची बातमी व पाठोपाठ जाळपोळीच्या वार्ता ऐकून आपापल्या गावाकडे निघतात, घरची माणसे कोणत्या अवस्थेत असतील ह्या धास्तीने वाट तुडवतात, आणि अखेर जे पाहू नये ते पाहतात. एवढेच तिचे कथानक. ज्या मुलखावर आणि ज्या जातीवर ही आपत्ती कोसळली, त्यांतलेच माडगूळकर होते. एवढेच नव्हे, तर १९४२ च्या चळवळीत विद्यार्थिदशेत त्यांनी स्वतः उडी घेतली होती. असा लेखक हा विषय हाती घेतो, तेव्हा त्याच्या लेखणीस दोन मोह सहज व्हावेत. एक, शाप देण्याचा, दुसरा, रडण्याचा. त्यांनी दोन्ही टाळले आहेत. ह्या पुस्तकात कोणत्याही जातीबद्दल द्वेषाचा शब्द नाही. आपल्या माणसांच्या थोरवीचे पोवाडे नाहीत, पूर्वपुण्याईचे उमाळे नाहीत. वाक्ये लहान आहेत, वर्णने डोळ्यांनी पाहिल्यासारखी आहेत, आणि भय हे आक्रोशातून न येता रोजच्या ओळखीच्या वस्तूंतून, ओळखीच्या रस्त्यांतून येते. ज्या वाटेने सुट्टीत हसतखेळत यावे, त्याच वाटेवर समोरून येणारा माणूस कोण आहे हे पाहून पाऊल टाकण्याची वेळ यावी, ह्यातले दुःख त्यांनी जसे धरले आहे तसे दुसऱ्यास साधणे कठीण. ज्यांची घरे जळाली त्यांच्या वतीने एवढ्या संयमाने बोललेले दुसरे पुस्तक मराठीत दाखविणे सोपे नाही. हे ऋण मान्य करूनच पुढील चार शब्द आम्ही लिहीत आहो.

आमचा आक्षेप पुस्तकाच्या नावापासून सुरू होतो. वावटळ ही वाऱ्याची करणी. ती कोठून उठते, कोणावर येते, कोठे विरते, ह्यास कोणी जबाबदार नसतो. माळरानावरचा माणूस डोळे मिटून, पाठ फिरवून ती जाऊ देतो. १९४८ च्या आगीला हे नाव देताना लेखकाने तिचा न्याय एका परीने करूनच टाकला आहे. कादंबरीतला जमाव जमाव म्हणूनच येतो. तो आरोळ्या देतो, आग लावतो, जातो. पण त्यातला एखादा माणूस आमच्यापुढे उभा राहून, आपण हे का करतो ते आपल्या भाषेत सांगत नाही. सुखदुःखे असलेली माणसे जळणाऱ्या बाजूस आहेत. जाळणाऱ्या बाजूस केवळ हवा आहे.

त्या दिवसांच्या आठवणी सांगणारे लोक बहुधा एक गोष्ट सांगतात: आमच्या गावचे लोक चांगले होते; जाळणारे परगावचे होते. हे सांगण्यात भलेपणा आहे, आणि कित्येक ठिकाणी ते सत्यही असेल. शेजाऱ्यांनी लपविले, भाकरी पोहोचविली, अशी उदाहरणे गावोगाव निघतात. परंतु तीनशे गावांपैकी प्रत्येक गाव हेच सांगू लागले, तर वाचकाने विचारलेच पाहिजे की, ते परगाव कोणते? प्रत्येक गाव हे दुसऱ्या कोणाचे तरी परगाव असते. ज्याने शेजारच्या कुलकर्ण्याला कणगीमागे लपविले, तोच किंवा त्याचा भाऊ चार कोसांवरच्या गावी मशाल घेऊन गेला नसेल कशावरून? कादंबरीकाराने ज्या माणसात शिरावयाचे तो हाच माणूस होता. इतिहासकाराला तो सापडणार नाही, कारण त्याची साक्ष कोणत्याही कचेरीत नोंदलेली नाही. तो कल्पनेनेच सापडावयाचा. आणि त्याला शोधण्यास माडगूळकरांइतका योग्य लेखक दुसरा नव्हता.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. त्यांची आधीची पुस्तकेच त्याला प्रमाण आहेत. 'माणदेशी माणसे' १९४९ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे त्या आगीची राख जेमतेम निवाली होती तेव्हा. त्यातला धर्मा रामोशी आठवा. वयाने थकलेला, भुकेने वाळलेला हा म्हातारा. अंगावर धड वस्त्र नाही म्हणून घराबाहेर पडेना. लेखक त्याला एक धोतर देतो. पुढे पाहतो तो धर्मा तसाच उघडा, आणि ते धोतर लुगड्यासारखे नेसून त्याची लेक हिंडते आहे, कारण तिचे लुगडे फाटून गेले होते. युद्धकाळापासून कापडावर नियंत्रण होते, पैसा असणाऱ्यालाही ते धड मिळत नव्हते, मग माणदेशातल्या रामोशाची काय कथा! युद्धोत्तर साताऱ्यावर कोणी शंभर पाने लिहिली तरी ह्या एका धोतराएवढी गोष्ट त्यांत सांगून व्हावयाची नाही. विशेष हे की, लेखक तेथे दाता असूनही स्वतःच्या दातृत्वावर खूष नाही. आपण दिलेले वस्त्र कोठे गेले हे पाहून तो खजील होतो आणि गप्प बसतो. ह्या खजील होण्यातच त्याची खरी समज आहे.

तीच गोष्ट 'बनगरवाडी'ची. १९५५ साली आलेली ही कादंबरी औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीची आहे. राजाराम सौंदणीकर हा कोवळा मास्तर तेथे शाळा चालविण्यास जातो. म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो, मग एका चोळीवरून त्याच्याविषयी संशय घेऊन रुसतो. चोरीवर जगणारा आनंदा रामोशी त्याला जिवाभावाचा होतो. बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतःच्या खांद्यावर औताचे जू घेते, आणि हे सांगताना लेखक एक शब्द चढवीत नाही. वाडीच्या अंगमेहनतीतून तालीम उभी राहते, औंधचे राजे स्वतः तिच्या उद्घाटनाला येतात, आणि त्या एका दिवशी वाडी, मास्तर, राजा ही सारी एका कामाची माणसे होऊन जातात. पुढे पाऊस पडत नाही, मेंढरे मरतात, माणसे पोटासाठी देशोधडीला लागतात, आणि मास्तर ओसाड वाडी सोडून निघतो.

ही कादंबरी आली तेव्हा औंध संस्थान विलीन होऊन सात वर्षे लोटली होती. १९३९ साली आपली सत्ता संविधानाने प्रजेच्या हवाली करणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९५१ साली वारले होते. संस्थानिक स्वतः ब्राह्मण, प्रजा बहुतांशी कुणबी-धनगर. आणि तरीही गावपंचायतीस अधिकार देणारी ती राज्यव्यवस्था देशात नमुनेदार म्हणून गाजली होती. भूमिगत कार्यकर्त्यांना जी कुंडलसारखी गावे आसऱ्याची वाटत, ती ह्याच संस्थानातली. म्हणजे उद्घाटनास राजा येण्याचा तो प्रसंग हा नुसता हौसेचा प्रसंग नव्हे. वरचा आणि खालचा, शिकलेला आणि अडाणी, यांनी मिळून एखादी गोष्ट उभी करणे ह्या मातीत शक्य होते, ह्याची ती साक्ष आहे. 'वावटळ' 'बनगरवाडी'च्या शेजारी ठेवून वाचली म्हणजे ध्यानात येते की, दोन्हींत गाव मोडते आणि दोन्हींत जाणे अटळ होते. फरक एवढाच की, पहिल्या पुस्तकात ते अवर्षणाने मोडते, दुसऱ्यात माणसांच्या हाताने. लेखकाने मात्र दोन्ही आपत्ती एकाच डोळ्याने पाहिल्या आहेत. दुष्काळाला कारण विचारता येत नाही म्हणून 'बनगरवाडी'चा शेवट सोसण्यासारखा व सुंदर झाला. तीच शांत, सोशिक नजर आगीकडे लावली तेव्हा सौंदर्य राहिले, पण सत्याचा अर्धा भाग हातातून निसटला.

येथे कोणी म्हणेल की, ही मागणी निर्दय आहे. ज्याचे घर जळाले त्यानेच जाळणाऱ्याचे मन समजून घ्यावे, असे सांगण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? आक्षेप वजनदार आहे आणि तो आम्ही बाजूस सारीत नाही. क्षमेची मागणी आम्ही करीत नाही, आणि जाळणाऱ्याचे समर्थन करा असे तर मुळीच म्हणत नाही. एखाद्या निरपराध म्हातारीचे घर ती अमुक जातीची म्हणून पेटविणे ह्या कृत्याला कोणतीही पूर्वपीठिका निर्दोष करू शकत नाही. परंतु समजणे आणि सोडून देणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. उलट आम्ही असे म्हणू की, जोवर करणाऱ्याला चेहरा नाही तोवर त्याच्यावर ठपकाही ठेवता येत नाही. वावटळीवर खटला कोण भरणार? जमावाला वारा म्हटल्याने जाळणाराच सुटतो.

ह्या बाबतीत वाळवे तालुक्यातल्या दुसऱ्या एका लेखकाचे पुस्तक पाहण्यासारखे आहे. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० साली वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. शाळा जवळजवळ नाहीच. मुंबईस जाऊन गिरण्यांच्या वस्तीत वाढलेला हा शाहीर, आणि १९४४ पासून अमर शेख व गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकाच्या फडावर उभा राहिलेला. त्यांची 'फकिरा' १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. तिचा काळ चाळीस-पन्नास वर्षे मागचा. भूक, दुष्काळ, मांगांवरची सरकारी हजेरी आणि त्यांतून उठलेले बंड हा तिचा विषय. कलादृष्टीने पाहता 'बनगरवाडी'च्या घडणीपुढे 'फकिरा' ठिसूळ वाटेल. तिच्यात आवेश फार आहे, माणसे पोवाड्यातल्या वीरांसारखी ताठ उभी राहतात, आणि प्रसंगांवर शाहिराच्या डफाची थाप ऐकू येते.

परंतु एक गोष्ट तिच्यात आहे, जी 'वावटळी'त नाही. तिच्यात प्रत्येक कृत्याला करणारा आहे. जोगणी आणणाऱ्या राणोजीचे मुंडके उडविणारा बापू खोत नावाने आमच्यापुढे उभा आहे. मांगांना उपाशी मरू देणारे नावाने उभे आहेत. आणि त्याच पुस्तकात विष्णुपंत कुलकर्णी आहेत. दुष्काळात मांगांची तडफड पाहून, सरकारी कायद्यापेक्षा ह्यांचे जगणे मोठे असे मानणारा व तसे त्यांस सांगणारा हा ब्राह्मण गावकामगार. मांगवाड्यात वाढलेल्या लेखकाने तो १९५९ साली, म्हणजे त्या जाळपोळीनंतर अकरा वर्षांनी, इतक्या मायेने रेखाटावा ही साधी गोष्ट नाही. अण्णा भाऊंनी १९४८ वर कादंबरी लिहिली नाही. पण माणसाची पारख जातीवरून करावयाची की करणीवरून, ह्या त्या वर्षाच्या प्रश्नाचे उत्तर विष्णुपंतांच्या रूपाने त्यांनी देऊन ठेवले आहे. त्यांच्या जगात वाईट माणूस वाऱ्यासारखा येत नाही. तो वाड्यातून येतो, कचेरीतून येतो, त्याला बाप असतो आणि बांध असतो.

दोघांचे गुण एकत्र आले असते तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही. माडगूळकरांची नजर आणि अण्णा भाऊंचा हिशेब. परंतु कसबी लेखक आगीजवळ होता आणि त्याने हिशेब विचारला नाही. हिशेब विचारणारा लेखक मागच्या पिढीकडे गेला.

आता त्या दोन वर्षांकडे परत येऊ. प्रतिसरकारच्या न्यायमंडळापुढे माणूस येई तेव्हा त्याला नाव असे, त्याच्यावर आरोप असे, बाजू मांडण्यास त्याला जागा असे. शिक्षा क्रूर असली तरी ती अमक्या कृत्याबद्दल अमक्यास होई. १९४८ च्या फेब्रुवारीत आरोप एकच उरला, जन्माचा; आणि सुनावणी उरलीच नाही. गावकऱ्यांना स्वतःच्या हाताने न्याय करण्याची जी सवय तीन वर्षांत लागली होती, तिच्यातला विवेक गळून नुसता हात मागे राहिला, असे झाले काय? चळवळीच्या नेत्यांवर आम्ही हा आरोप करीत नाही. त्यांनी उभे केलेले काम वेगळ्या जातीचे होते हे वर सांगितलेच आहे. पण १९४६ नंतर तुफान सेनेतल्या हजारो पोरांचे काय झाले? नेते मुंबईस गेले, कोणी विधानसभेत, कोणी पक्षात. शेतकरी-कामगारांचा वेगळा संघ काँग्रेसमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये वेगळा पक्ष झाला. नाना पाटील स्वतः पुढे कम्युनिस्ट होऊन १९५७ साली उत्तर साताऱ्यातून लोकसभेत गेले. पोरे गावात राहिली. महागाई तीच, कापड तेच, कूळ तेच, सावकार तोच. स्वराज्य आले, पण बांधावर आले नाही. सत्यशोधक जलशांनी दोन पिढ्या जो राग शिकविला होता, त्यातले शिक्षण विसरून राग तेवढा शिल्लक राहिला असेल, तर तो कोणत्या क्षणी आणि कोणाच्या शब्दाने पेटला? ही गोष्ट एका तुफान सैनिकाच्या तोंडून कोणी सांगावयास हवी होती.

ह्या बाजूच्या वाङ्मयाकडे पाहावे तर तेथेही तीच रिकामी जागा. पोवाडे, आठवणी, गौरवग्रंथ यांची वाण नाही. २०२२ सालीसुद्धा पी. साईनाथ यांनी तुफान सेनेतल्या अतिवृद्ध सैनिकांच्या आठवणी इंग्रजीत मोठ्या आस्थेने ग्रथित केल्या. ह्या साऱ्यात १९४२ ते १९४६ ही वर्षे झळझळीत आहेत. मग एकदम पुढची सहकाराची, शाळांची, साखर कारखान्यांची वर्षे सुरू होतात. यशवंतरावांबद्दल एवढे म्हटले पाहिजे की, त्यांच्या आत्मचरित्राचा 'कृष्णाकाठ' हा पहिलाच भाग होता, पुढचे भाग लिहिण्याचा त्यांचा मानस होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचा अंत झाला. पुढल्या भागात त्यांनी १९४८ चे पान लिहिले असते की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. मात्र ज्या समंजसपणाने त्यांनी आपल्या तरुणपणाच्या चुका सांगितल्या आहेत, तो पाहता ते पान त्यांच्या हातून यावयास हवे होते, अशी हळहळ वाटते.

ह्या मौनाची किंमत काय, असे विचारणाऱ्यास आम्ही दोन्हीकडची घरे दाखवू. १९४८ च्या कूळकायद्याने आणि त्याच्या पुढल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्यास जमिनीची मालकी मिळाली. हा न्याय उशिराच झाला. परंतु आगीपाठोपाठ तो आल्यामुळे गाव सोडून पुण्यामुंबईस गेलेल्या कुटुंबांच्या मनात न्याय आणि आग ह्यांची गाठ बसली. जे कायद्याने झाले तेही त्यांस लुटीसारखे वाटले. उलट गावात राहिलेल्यांना, आपण जे मिळविले ते हक्काने मिळविले हे सांगताना, त्या चार दिवसांची आठवण अडचणीची झाली. म्हणून ती परगावच्या नावावर मांडून ठेवण्यात आली. एका बाजूस तक्रार वाढत गेली, दुसऱ्या बाजूस विस्मरण. दोन्ही बाजूंच्या नातवंडांस पूर्ण गोष्ट कोणीच सांगितलेली नाही. ज्यांना पूर्ण गोष्ट ठाऊक नसते, त्यांस कोणीही सोयीची अर्धी गोष्ट सांगू शकतो, हे आपण आज पाहतच आहो.

'वावटळ' पुन्हा वाचावी, असाच आमचा आग्रह आहे. तिच्याहून प्रामाणिक साक्ष आपल्याजवळ नाही. पण ती 'माणदेशी माणसां'च्या शेजारी ठेवून वाचावी. धर्मा रामोशाची लेक ते धोतर नेसून ज्या गावात हिंडत होती, त्याच मुलखातल्या गावांत पुढे घरे पेटली, हे एकाच वाचकाने एकाच बैठकीत लक्षात घ्यावे. धोतर देणारा हात लेखकाने आम्हांस दाखविला. मशाल धरणारा हातही त्याच्या ओळखीचाच असला पाहिजे. त्या हाताची गोष्ट लिहिण्यास आता प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मिळणे कठीण होत चालले आहे. तरी ऐकलेली, घराघरांत अर्धी दाबून ठेवलेली गोष्ट अजून आहे. कृष्णा-वारणेच्या काठची आजची लिहिती मुलेमुली ज्या घरांत वाढली, त्यांत काही जळालेल्यांची आहेत, काही लपविणाऱ्यांची, आणि काही, उघड बोलावयाचे तर, जाळणाऱ्यांची. ह्यांतल्या तिसऱ्या घरातून एखादे पुस्तक येईल, तेव्हा 'कृष्णाकाठ' आणि 'वावटळ' यांच्यामधली दोन वर्षे भरून निघतील. त्या पुस्तकाची आम्ही वाट पाहत आहो.